चेहऱ्यानं उघडणारा फोन

थोंग्यंग बंदराच्या धक्क्यामागं कालवं फोडायची शेड आहे, तिथं बोंगिमताई आणि मी शेजारी शेजारी उभ्या राहतो. ती माझ्याहून बरीच मोठी, साठी उलटलेली. हात चालू असताना ती फारशी बोलत नाही. तिला एक जुळी बहीण होती हे मला कळलं तेसुद्धा तिच्याकडून नाही, शेडमधल्या बायांकडून.

बहिणीचं नाव ओक्ने. पोरवयात ती बुसानला बुटांच्या कारखान्यात कामाला गेली आणि तिथं एका लग्न झालेल्या माणसाबरोबर राहू लागली. गावात बोभाटा झाला. तेव्हा बोंगिमताईचं लग्न ठरत होतं. बापानं सरळ कचेरीत जाऊन ओक्नेचं नाव मेलेल्यांत घालून घेतलं आणि घरात सांगितलं, पुन्हा तिचा विषय नको. आई रडली. बोंगिमताई गप्प राहिली, आणि तिचं लग्न झालं.

पुढं कित्येक वर्षांनी लोक विचित्र काहीतरी सांगू लागले. कोणी म्हणे, परवा तू यॉसूच्या बाजारात होतीस ना? होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा माक तर रागावूनच आला होता. म्हणाला, वाम मासे कापत बसली होतीस, मी दोनदा हाक मारली, ओळख दाखवायला काय झालं होतं? बोंगिमताई त्या आठवड्यात तापानं घरी पडून होती. बाया हसल्या. ती हसली नाही. त्या दिवसापासून कोणी "तुला पाहिलं" म्हटलं की तिच्या हातातली सुरी थांबायची. यॉसू काही लांब नाही, पण ती गेली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "जाऊन काय म्हणू? ती नाही म्हणाली तर मी कोणाची साक्ष काढू?"

गेल्या वसंतात तिचा फोन खाऱ्या पाण्याच्या बादलीत पडला आणि संपला. नवा घ्यायचा म्हटल्यावर शेडमध्ये दोन तट पडले. आम्हा सगळ्यांकडे अँड्रॉइड. त्यात अक्षरं मोठी होतात, फोनवरचं बोलणं आपोआप साठवलं जातं, अडलं तर शेजारणीला विचारता येतं. पण ताईची मुलगी ह्येरान सोलला असते, ती हट्टाला पेटली होती की आईनं तिच्यासारखाच सफरचंदवाला घ्यावा, म्हणजे तिला लांबून सगळं समजावता येईल. ताईनं मनाशी ठरवलं होतं की अँड्रॉइडच घ्यायचा. "या वयात मी नवी भाषा शिकू होय?" असं म्हणतच ती दुकानाची पायरी चढली. मी सोबत होते.

दुकानदार प्यो आमच्याच गल्लीतला, टक्कल पडलेला, बोलघेवडा. त्यानं अँड्रॉइड काढून दिला आणि बोट टेकवायला सांगितलं. फोन काही बोट घेईना. अंगठा, मधलं बोट, डावा हात, सगळं झालं. प्योनं तिचा तळवा उजेडात धरला आणि म्हणाला की ताई, तुमच्या बोटांवर रेषाच उरल्या नाहीत, कालवांनी खाल्ल्या. आकडे लावून देतो म्हणाला. आकडे माझ्या लक्षात राहत नाहीत, ती म्हणाली. मग त्यानं दुसरा फोन पुढं केला. यातही चेहऱ्यानं उघडतं आणि त्यातही, पण सफरचंदवाल्याचं जास्त पक्कं, फोटो दाखवून तो फसत नाही, वगैरे वगैरे त्याची टकळी सुरू झाली. वर हसत म्हणाला, "फसलाच तर फक्त जुळ्यांना फसतो."

ताईनं मान वर केली. "जुळ्यांना?"

"कधीकधी. अगदी सारखं तोंड असेल तर."

"खूप वर्षं भेट नसली तरी?"

"फोनला काय करायचंय तुमच्या भेटीगाठींशी?" प्यो म्हणाला.

तिनं तो हातात घेऊन काळ्या काचेत आपलं तोंड बघितलं. मग म्हणाली, हाच दे. ह्येरानला वाटलं, आईनं आपलं ऐकलं.

उन्हाळ्यात कालवांचा हंगाम संपला, शेड बंद झाली, तसं तिनं मला विचारलं, यॉसूला येतेस का. बसमध्ये ती खिडकीपाशी बसून सारखी फोन चेहऱ्यासमोर धरायची, उघडायची, बंद करायची.

बाजारात शोधावं लागलं नाही. मासळीच्या रांगेत शेवटून तिसऱ्या फळीवर बोंगिमताई बसली होती. मला दुसरं काही म्हणताच येत नाही. केस वेगळे कापलेले, हनुवटीवर भाजल्याचा डाग, पण मान तिरकी करून सुरी चालवण्याची ढब तीच. वामेचं डोकं खिळ्याला अडकवून ती एका ओढीत तिचं कातडं काढत होती. मी शेजारी उभ्या असलेल्या ताईकडे बघितलं, ती खरंच माझ्याजवळ आहे ना हे बघायला.

ताई पुढं झाली आणि तिनं नावानं हाक मारली. त्या बाईनं वर पाहिलं. दचकली नाही.

"वाम हवीय?"

"ओक्ने, मी बोंगिम."

"माणूस चुकताय तुम्ही, बाई. मला बहीण नाही."

बहीण म्हणून ताई अजून काही बोललीच नव्हती.

ताईनं पिशवीतून फोन काढला आणि तिच्या तोंडासमोर धरला. काचेवर त्यांच्या आईचा फोटो होता, शेवटच्या वर्षांतला, बोळकं पसरून हसणारी म्हातारी. त्या बाईची नजर खाली गेली आणि तिथंच राहिली. वरच्या कडेचं इवलंसं कुलूप उघडलं. मी पाहिलं. ताईनंही पाहिलं.

बाईनं मात्र कुलपाकडे बघितलंच नाही. तिनं सुरी खाली ठेवली, हात पुसले, पण फोनला हात लावला नाही.

"हिचे दात कधी पडले?"

"बाबा गेले त्या वर्षी," ताई म्हणाली.

"कवळी नाही करून दिलीत?"

ताईनं फोन खाली घेतला. मागं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं. बाईनं सुरी उचलली. "माझी धंद्याची वेळ आहे," ती म्हणाली आणि पुढची वाम खिळ्याला लावली. आम्ही बाजार बंद होईपर्यंत समोर उभ्या राहिलो. तिनं पुन्हा वर पाहिलं नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा गेलो तेव्हा त्या फळीवर दुसरीच बाई होती. शेजारच्या म्हातारीनं आधी ताईकडे बघून तोंड भरून हसून विचारलं, "आलीस परत? कुठं होतीस?" मग चूक कळल्यावर ती ओशाळली. तिनं सांगितलं, ती जागा सोडून गेली, कुठं ते बोलली नाही, नंबर ठेवला नाही. माणूस तसं अबोलच. हां, जाण्याआधी एक केलं. इतकी वर्षं साधा, झाकणाचा फोन वापरायची, त्याला कोणी हसलं तरी बदलायची नाही. तो टाकून नवा घेतला. दुकानदार अँड्रॉइड दाखवत होता तर नको म्हणाली. चेहऱ्यानं उघडतो तो दे म्हणाली.

परतीच्या बसमध्ये ताई दिसेल त्याच्या हातातला फोन बघत होती.

यंदा हंगाम सुरू झाला तशी ती कामावर आली, पूर्वीसारखीच मुकाट्यानं कालवं फोडते. पण बसस्थानकावर, खानावळीत, दवाखान्याच्या बाकावर कोणाचा असा फोन पडलेला दिसला की तिचे पाय वळतात. ती जवळ जाते, वाकते आणि त्या काचेसमोर आपला चेहरा धरते, कुलूप उघडतं का बघायला. लोक चिडतात. एकदा एका माणसानं चोर म्हटलं, तेव्हा मीच मध्ये पडून माफी मागितली. ती अजून वाकलेलीच होती, डोळे उघडे ठेवून.