सरणालाही सूट नाही

भास्करमामा ज्या जंगलासाठी जगले, त्या जंगलातच अखेर विलीन झाले, असं शोकसभेत एकापाठोपाठ एका वक्त्याने सांगितलं. मी पहिल्या रांगेत होतो. मला आठवत होतं ते एवढंच, की मामा शेलूबाजारच्या लाकूड कापायच्या आरामशीनवरून आणलेल्या बाभळीवर जळाले. जंगलातली एक काडीही त्यात नव्हती... आणि त्यावरून त्या दिवशी घरासमोर चांगलाच वाद झाला होता.

आसेगावकडच्या या माझ्या मामाच्या गावाला लागून असलेली टेकडी माझ्या लहानपणी बोडकी होती. तिच्यावर सरकारी पाटी होती आणि पाटीच्या सावलीत बकऱ्या बसत. पुढे टेकडीवरचा सामूहिक वनहक्क गावाला मिळाला. म्हणजे रान राखणं, वापरणं आणि त्यावरून भांडणं, हे तिन्ही अधिकार ग्रामसभेकडे आले. तिसरा गावाने लगेच बजावायला घेतला. कोणाला तिथे मंगल कार्यालय हवं होतं, कोणाला बगीचा, तरुणांना कमान आणि फोटो काढायला जागा. मामांचं म्हणणं असं, की काहीच करू नका. हिरवं तोडायचं नाही, वाळून पडलेलं डोक्यावरून न्यायचं, बाकीचं पाऊस पाहून घेईल. विकासाची इतकी स्वस्त योजना पटायला लोकांना वेळ लागला. शेवटी ग्रामसभेने ती मंजूर केली आणि राखणीचं काम सुचवणाऱ्याच्याच गळ्यात घातलं. आपल्याकडे सभेत सूचना कमी येतात त्या यामुळेच.

मामा वृक्षप्रेमी वगैरे नव्हते. झाडांशी बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. माणसांशीही ते बेताचंच बोलत. मात्र 'नाही' हा शब्द त्यांना मनापासून आवडायचा आणि त्या रानाला नेमकी त्याचीच गरज होती. धावडा, पळस, साग आधी गुडघ्यापर्यंत आले, मग डोक्यावर गेले.

माजी सरपंच वारले ते ऐन पावसाळ्यात. त्यांचा मुलगा गजानन सरणासाठी एक साग मागायला आला. सरणाच्या लाकडाला गावात कोणी नाही म्हणत नाही. मी तेव्हा ओसरीवर चहा पीत होतो.

"पडलेलं असन तर घेऊन जाय," मामा म्हणाले.

"पडलेलं ओलं हाय, काकाजी."

"मंग उभं काय वाळलेलं हाय?"

गजानन उठला. "पाहू ना, तुमच्या टायमाले कोणतं लाकूड येते ते!"

"तवा मी भांडाले येनार नाही, एवढं पक्कं."

मामांनी आपल्या गोठ्यात रचून ठेवलेली वाळली बाभूळ बैलबंडीत भरून त्याच्या घरी पाठवली. गजाननने ती घेतली आणि मामांशी बोलणं टाकलं.

यंदा श्रावणात मामा झोपेतच गेले. अकोल्याहून मी पोचलो तेव्हा घरासमोर ट्रॅक्टर उभा होता आणि हातात कुऱ्हाड घेऊन सगळ्यांच्या पुढे गजानन. ज्याने रान उभं केलं त्याला त्या रानातला चांगला साग मिळालाच पाहिजे, यावर गावाचं एकमत होतं. हे गाव एरवी कशावर एकमत करत नाही. गजाननच्या मनात मान होता की जुनी फेड, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुधा त्यालाही आलं नसावं.

मामी बायकांच्या घोळक्यातून उठून बाहेर, अगदी त्याच्या पुढ्यात आली. "कुऱ्हाड कायले आनली रे?"

"काकाजीसाठी, काकू. त्याईचंच रान हाय ना."

"त्याईचं कवा झालं? गावाचं होतं न?"

"एक झाड तं हाय."

"तुह्या बापालेही एकच लागत होतं."

आज एक तुटलं, की पुढच्या प्रत्येक मयतीला एक तुटणार, हे तिथल्या सगळ्यांना कळत होतं. गजाननने कुऱ्हाड ट्रॉलीत टाकली. "मंग शेलूबाजारले जा लागन," असं पुटपुटत तो स्वतःच ट्रॅक्टर घेऊन गेला. मामा दुपारपर्यंत अंगणात वाट पाहत राहिले. काही वडीलधारी मंडळी यावर नाराज होती.

शोकसभेत मामांच्या नावाच्या कमानीची सूचना आली आणि पुढच्या सभेवर ढकलली गेली. मामांना वाहिलेली तेवढी एकच श्रद्धांजली त्यांना आवडली असती. त्यांच्या जागी राखणीला मात्र कोणी तयार झालं नाही. रोज कोणाला तरी नाही म्हणायचं आणि संध्याकाळी त्याच्याच दुकानात साखर घ्यायला जायचं, हे काम कोणालाच नको होतं. टेकडी लगेच पुन्हा बोडकी व्हायला लागणार, असा माझा अंदाज होता.

तसं अजून झालेलं नाही. मामा रोज सकाळी टेकडीला फेरी मारत. आता त्यांची काठी घेऊन मामी जाते. पतीचा वारसा वगैरे तिला विचारू नये. शुगरसाठी डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे आणि डांबरी रस्त्यावर ट्रक फार. ती दिसली, की लाकडाला आलेले लोक झुडपाआड होतात आणि रिकाम्या हाताने परततात. "काकूच्या नजरेतून काईच सुटत नाही," असं परवा गजाननच मला सांगत होता.

गावात पेपरची ही पुरवणी पोचत नाही, म्हणून लिहायला हरकत नाही. मामीला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. काठीच्या टोकापलीकडचं तिला दिसत नाही. ऑपरेशन दिवाळीनंतर आहे.