आडवा बसलेला तुकडा

मेणकाकांचं खरं नाव फक्त हजेरीपटात उरलं होतं. बाकी सगळ्या इस्पितळाला ते मेणकाका. अठ्ठावीस वर्षं हा माणूस तपासणीच्या खोलीत वितळलेल्या मेणासमोर बसत आला होता, मग दुसरं काय म्हणणार? पेशंटच्या अंगातून काढलेला तुकडा औषधांतून फिरून आला, की छोट्या साच्यात गरम मेण ओतायचं, चिमट्याने तुकडा त्यात बसवायचा आणि गार करून ब्लॉक तयार करायचा. त्या ब्लॉकचे केसाहून पातळ काप निघतात, काचेवर चढतात, रंगवले जातात आणि डॉक्टरीणबाई ते मायक्रोस्कोपखाली बघतात. कॅन्सर आहे की नाही, ते बाई सांगतात. पण बाईंना काय दिसणार हे तुकडा कसा बसवला यावर अवलंबून असतं, हे बाहेर कुणाच्या गावीही नसतं.

त्यात मूत्राशयातून आलेला तुकडा म्हणजे महा नाठाळ. जीव तांदळाच्या दाण्याएवढा. एका अंगाला चकचकीत अस्तर, दुसऱ्या अंगाला स्नायू. तो कडेवर उभा करावा लागतो, म्हणजे कापात वर अस्तर आणि खाली स्नायू असे थर ओळीने दिसतात. आडवा पडला, की वरचं काय आणि आतलं काय, काही कळत नाही. काका हे नव्या पोरींना दम देऊन शिकवत. स्वतःबद्दल त्यांना भलताच विश्वास होता. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत!

आणि चष्मा लावायचे नाहीत. जवळचं दिसत नव्हतं हे आख्ख्या खोलीला माहीत होतं. घरी बायको म्हणायची, "पेपर हातभर लांब धरून वाचता. उद्या आम्ही तो समोरच्या घरी नेऊन धरायचा का?" काका हसण्यावारी न्यायचे. हाताला सवय आहे म्हणायचे. सवयीचं हे कौतुक मला कधीच पटलेलं नाही, पण त्या माणसाला सांगणार कोण?

एका मंगळवारी सकाळी, खोलीच्या रिपोर्ट देतात त्या खिडकीशी एक तरुण मुलगी आली. तिचे वडील शाळेची बस चालवायचे. लघवीतून रक्त जात होतं म्हणून दुर्बिणीने बघितलं, तर मूत्राशयात लालसर, खरखरीत वाढ दिसली. तुकडा काढला. रिपोर्ट आला: कॅन्सर, स्नायूपर्यंत शिरलेला. शुक्रवारी मूत्राशय काढून टाकायचं ठरलं होतं. पुढे जन्मभर पोटाला लघवीची पिशवी. मुलीला ब्लॉक हवा होता, दुसरीकडे दाखवायला.

"दाखवून काही होणार नाही म्हणतात सगळे," ती म्हणाली. "पण काका, मला घरी नुसतं बसवत नाही हो."

"बसा. डॉक्टरीणबाईंची सही घेऊन देतो," काका म्हणाले आणि कपाटातून ब्लॉक काढून आणला.

देण्याआधी नंबर ताडून बघायची पद्धत. नंबर बारीक, म्हणून टेबलावरचं भिंग घेतलं. नंबर बरोबर होता. भिंग थोडं खाली सरकलं. तुकडा आडवा होता. साफ आडवा, पाठीवर झोपल्यासारखा. वहीत त्या दिवशीच्या साच्यांपुढे सही कुणाची? त्यांचीच.

आता काकांच्या मनात काय काय आलं ते लपवण्यात अर्थ नाही. पहिला विचार आला तो हळूच मेण वितळवून तुकडा सरळ करायचा आणि नवी काच बाईंच्या ट्रेमध्ये सरकवून मोकळं व्हायचं. दुसरा विचार, ब्लॉक असाच देऊन टाकायचा; तिकडचे लोक बघतील, नाही बघणार, आपल्याला काय. पण चोरून ठेवलेल्या काचेकडे बाई कधी बघणार? शुक्रवारच्या आत? मुलगी बाकावर पर्स घट्ट धरून बसली होती. काका उठले.

"बाई, या पेशंटचा तुकडा मी आडवा बसवला. माझी चूक आहे. मला दिसलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी जुनी काच पुन्हा लावली.

"चष्मा लावा म्हणून कितीदा सांगितलं तुम्हाला!" मग आवाज खाली आला. "आणि मी तरी काय बघितलं? या कापात अस्तराची कड कुठेच नाही. मी तुकडा परत बसवून मागायला हवा होता."

मेण वितळवलं. काका बाजूला उभे राहिले आणि तुकडा बाईंनी स्वतः उभा केला. तोवर मुलीला आत बोलावून विचारलं, वडिलांचं आधी काही ऑपरेशन? होतं ना, ती म्हणाली. दोन वर्षांपूर्वी खडा काढला होता, मग तीन महिने लघवीची नळी होती. तुकड्याबरोबर आलेल्या फॉर्मवर यातलं एक अक्षर नव्हतं. सर्जनसाहेबांना घाई असते म्हणे.

नव्या कापात अस्तर वर होतं, त्याच्या लगेच खाली बारीक बारीक नळ्यांचा पट्टा, आणि खालचा स्नायू स्वच्छ. आडव्या कापात हेच सगळं एकात एक शिरल्यासारखं दिसलं होतं. बाईंनी कापाला खास रंग चढवून खात्री करून घेतली. कॅन्सर नव्हता. खड्याने, नळीने अस्तर सोलवटलं, की क्वचित कुणाच्या मूत्राशयात मूत्रपिंडातल्या नळ्यांसारखी वाढ उगवते. दिसते कॅन्सरसारखी, वागते साधी. दुर्बिणीतून खरवडून काढायची, जंतू असतील तर औषध द्यायचं आणि परत उगवते म्हणून लक्ष ठेवायचं. गुरुवारी दुपारी ऑपरेशन रद्द झालं. मुलगी जिन्यातच रडायला लागली. काकांना त्याच दिवशी मेणाच्या टेबलावरून उठवून खिडकीवर बसवलं.

सहा महिन्यांनी बसवाले स्वतः आले. वाढ खरवडून झाली होती. आता पुन्हा आत बघून तुकडा तपासला होता, त्याचा रिपोर्ट घ्यायला.

"तुम्हाला सांगतो," पाकिटाची वाट बघत ते म्हणाले, "इथल्या कुठल्या तरी गाढवाने माझा तुकडा चुकीचा लावला होता. भेटला पाहिजे एकदा."

"तो मीच," काका म्हणाले.

बसवाल्यांना पोरीने सांगितलं होतं, ज्याने चूक केली त्यानेच ती कबूल केली म्हणून.

"कॅन्सरचा रिपोर्ट आल्यावर तिसऱ्या दिवशी मी बस सोडली," ते म्हणाले. "पिशवी लावून मुलांसमोर कसं बसणार? एकोणीस वर्षं ती बस माझ्याकडे होती. आता दुसरा आलाय. चांगला आहे, मुलांना आवडतो. शाळा म्हणते, त्याला कसं काढू?"

काकांनी पाकीट उघडून रिपोर्ट वाचला.

"स्वच्छ आहे. काही नाही उगवलेलं."

"हं." बसवाल्यांनी कागद घडी करून खिशात घातला. "वर्षाने परत यायला सांगितलंय. तेव्हाचा तुकडा तुम्ही लावू नका."

"नाही लावणार," काका म्हणाले.