दुकानाचा नंबर

धण्याचं पोतं फोडलं की त्या वासासरशी मला ते दहा दिवस आठवतात. बायकोला तिसरा सरून चौथा लागला होता आणि बाळाच्या गुणसूत्रांत काही दोष तर नाही ना, हे बघायला लातुरात तिचं रक्त दिलं होतं. रिपोर्ट येईस्तोवर घरी सांगायचं नाही असं आमचं ठरलेलं, आणि मी शहाण्याने फॉर्मवर सवयीने मुरुडच्या आमच्या किराणा दुकानाचा नंबर लिहिला. तो मोबाइल कायम अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या गल्ल्यावर. मग काय, खुंट्याला बांधल्यासारखा मी त्या फोनपाशी. गिऱ्हाइकाचा फोन वाजला तरी अप्पांच्या आधी मीच झडप घालायचो. अप्पा येईल त्याला सांगत, "पोरगं लई सुधरलं बघा." अकराव्या दिवशी हात धुवायला उठलो आणि नेमका फोन वाजला. धावत आलो तर अप्पांनी तो पुढं धरला, "घे, दवाखान्याचा हाय." पलीकडची बाई म्हणाली, धोका कमी आहे. मी शेजारच्या धण्याच्या पोत्यावरच बसलो. "सूनबाईनं पहिल्याच दिवशी सांगितलं मला," अप्पा म्हणाले. "मग मला बोलला का न्हाईत?" "दुकानात बसून राहिलास की, म्हणलं बसू द्यावं." आता गल्ल्यावर मी बसतो, तेव्हा कुठं ध्यानात येतं की रोज दुपारी घरी जाऊन झोपणारे अप्पा त्या दहा दिवसांत एकदाही जागचे हलले नव्हते.