जोड दिसता कामा नये

हॉल कापून त्यातून एक खोली काढायची ठरली, तेव्हा मिस्त्रीला मी एकच गोष्ट चारचार वेळा बजावली. जोड दिसता कामा नये. जिप्सम बोर्डाचं नवं पार्टिशन विटांच्या जुन्या भिंतीला जिथे टेकतं, तिथे बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे पहिल्यापासून असंच होतं. मिस्त्री वयस्कर होता, बिहारकडचा. तो म्हणाला, "मैडम, बीच में पतला सा ग्रूव छोड़ देते हैं. बोर्ड अलग चीज़ है, ईंट अलग." मी म्हटलं, "ग्रूव-व्रूव कुछ नहीं. पुट्टी भरो और बराबर करो." चाळीस वर्षं दिल्लीत काढल्यावर मिस्त्र्यांशी कसं बोलायचं ते मला येतं, निदान मला तसं वाटतं. त्यानं खांदे उडवले आणि पुट्टी भरून सगळं सपाट करून दिलं. रंग लागल्यावर मी दोन दिवस येताजाता त्या कोपऱ्यावरून हात फिरवत होते.

खरं म्हणजे घरात एक खोली रिकामी होतीच. आमच्या द्वारकेच्या सोसायटीत सगळ्यांनी मला तेच सांगितलं, आणि मुलानं तर परदेशातून फोनवर सांगितलं, "आई, बाबांची रूम दे ना. हॉल कशाला तोडतेस?" पण ह्यांची खोली म्हणजे ह्यांची खोली. हे जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी तिथलं कपाट मला उघडवत नव्हतं. त्या पलंगावर परकं माणूस झोपलेलं मला चाललं नसतं. मग मी हॉलचा बाल्कनीकडचा भाग कापला. लोक हसले. हसू देत. रोज संध्याकाळी खायला उठायचं ते त्यांचं घर नाही, माझं.

भाडेकरू म्हणून आली ती नाशिककडची मुलगी, गुरुग्रामच्या एका कंपनीत नोकरीला. मराठीच हवी, एवढी एक अट मी घातली होती. ती शांत होती, नीटनेटकी होती, आणि मला काकू म्हणायची. आल्या आल्या मी तिला नियम सांगितले. गीझर बंद करायचा, ओला टॉवेल खुर्चीवर टाकायचा नाही, एकमेकींच्या खोलीत विचारल्याशिवाय जायचं नाही. ती "बिल्कुल, काकू," म्हणाली. नियमांमुळे असेल, माझ्या तोंडामुळे असेल, आमचं बोलणं "दूध आलं का" आणि "चावी घेतलीस ना" ह्याच्या पलीकडे गेलं नाही. मला तिच्याशी बोलायचं होतं. पण आपणहून कुणाशी गप्पा मारायला जायचं माझ्या जिवावर येतं. ते काम कायम ह्यांचं असायचं. हे लिफ्टमध्येसुद्धा ओळखी काढायचे आणि मी बाजूला उभी राहून नाक मुरडायची.

पहिल्याच उन्हाळ्यात जोड उकलला. तिच्या खोलीत एसी, इकडे हॉलमध्ये भट्टी. आधी केसासारखी रेघ आली, मग नख जाईल एवढी फट, आणि एका दुपारी पुट्टीचा लांबलचक तुकडा माझ्यासमोर फरशीवर पडला. मी झाडू घ्यायला उठले आणि तिथेच थांबले. फटीतून आवाज येत होता. ती स्पीकर लावून आईशी फोनवर बोलत होती. भाजीत मीठ कसं जास्त झालं ते सांगत होती आणि हसत होती.

मी झाडू न घेता खुर्चीवर बसले. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून माझी ती खुर्ची तिथेच राहिली.

मला ऑफिसातल्या भानगडी ऐकायच्या नव्हत्या. त्या लागल्या की मी उठून स्वयंपाकघरात जायची, एवढं तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवा. मला हवं होतं ते मायलेकींचं बोलणं. "अगं" आणि "मग काय झालं" आणि "जेवलीस का नीट". माझा मुलगा रविवारी फोन करतो, चौकशी करतो, पण त्याचं मराठी आता कामापुरतं उरलंय. एकदा मी ओल्या हरभऱ्याच्या दाण्यांना सोलाणे म्हटलं तर त्यानं मलाच विचारलं, "म्हणजे काय?" ह्या मुलीच्या तोंडी ते सगळे शब्द होते. फट दिसत असून मी मिस्त्रीला बोलावलं नाही. ती एकदोनदा म्हणाली, "काकू, तो जोड उघडलाय, बघितलंत का?" मी म्हटलं, "हो गं, मिस्त्री गावाला गेलाय." मिस्त्री गावाला गेलेला नव्हता.

इथे माझी एक सवय सांगायला हवी. संध्याकाळचा चहा घेताना मी ह्यांच्याशी बोलते. वेड लागलेलं नाही मला. चाळीस वर्षं त्या वेळेला समोर कुणीतरी होतं, म्हणून तोंड आपोआप चालू होतं. काय महागलं, गुडघा कसा आहे, स्टुलावर चढून माळ्यावरचं काढायची भीती वाटते, असलंच. त्या मुलीबद्दलही सांगायची. आज आईशी काय बोलली, कशावरून हसली. मी म्हणायची, "ऐकते मी, काय करू, दुसरं कोण बोलतं ह्या घरात?" हे सगळं मी हळू आवाजात बोलत असे. ऐकू कमी यायला लागलं की माणूस मोठ्यानं बोलतो, हे ह्यांना मी आयुष्यभर सुनावलं होतं, पण ते मलाही लागू होईल असं काही माझ्या डोक्यात आलं नाही.

मुलगी चांगली होती. डिसेंबरात एकदा न सांगता ओल्या हरभऱ्याची जुडी घेऊन आली. "मेट्रोतून उतरले तर दिसली, म्हटलं काकूंना आवडत असेल." एकदा स्वतःहून स्टूल घेऊन माळ्यावरची लोकरीच्या कपड्यांची ट्रंक काढून दिली. मी मनात म्हटलं, आईनं वळण चांगलं लावलंय.

मग शेंगोळ्यांचं झालं. थंडी कडाक्याची होती, आणि ती आईला सांगत होती की शेंगोळे खावेसे वाटतात. आईनं फोनवर सगळी कृती सांगितली. कुळथाचं पीठ, लसूण, तिखट, तळहातावर वळून आधणात सोडायचं. मी पुण्याची. आमच्याकडे कुळीथ म्हणजे पिठलं, शेंगोळे मी उभ्या जन्मात केले नव्हते. पण मी ती कृती कागदावर उतरवून घेतली. कुळीथ कुठे मिळेना, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या उत्तराखंडच्या बाईंनी सांगितलं की तुम्ही म्हणता ती आमची गहत, पहाडी दुकानात मिळेल. ती आणली, भाजली, मिक्सरमधून काढली, चाळली. दोन दिवस गेले त्यात. इतक्या उत्साहानं मी ह्यांच्या वाढदिवसालाही कधी काही केलं नसेल.

तिनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "काकू, अगदी आईसारखे झालेत." मग चमचा खाली ठेवला. माझ्याकडे नीट बघून, अगदी हळू, ती म्हणाली, "तुमच्याकडे करतात हे?"

खरं सांगायची वेळ होती ती. मला नुसतं सांगायचं होतं, की ऐकलं गं मी. पण मी म्हटलं, "आमच्या शेजारी नगरच्या एक बाई होत्या ना, त्यांच्याकडून शिकले." तिनं चमचा पुन्हा उचलला. "अच्छा," म्हणाली. ताटलीतलं सगळं संपवलं, ताटली घासली आणि खोलीत गेली.

त्यानंतर फटीतून आवाज आला नाही. आईचा फोन आला की ती चप्पल घालून खाली जायची. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. सोसायटीच्या फिरायच्या रस्त्यावर शाल पांघरून ती फेऱ्या मारायची, मोकळा हात बोलण्याबरोबर हलायचा. पाचव्या मजल्यावरून हात तेवढा दिसायचा. फेब्रुवारीत ती म्हणाली, "काकू, मी गुरुग्रामला रूम बघतेय. ऑफिस जवळ पडेल." मी म्हटलं, "बरं." मला रडू येत होतं आणि मी "बरं" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला फोन केला. जोड पक्का झाला, तिला तिची खोली मिळाली, तर राहील, असा माझा हिशेब. तोच मिस्त्री आला. फटीकडे बघून "मैंने कहा था" असं काही तो बोलला नाही. बोलला असता तर मला जास्त बरं वाटलं असतं.

मुलगी ऑफिसला गेलेली होती, तिला विचारलं होतं, आणि जाताना तिनंच सामानावर चादरी घातल्या होत्या. मिस्त्रीनं उरलेली पुट्टी खरवडली, बोर्डाची कड पट्टी धरून सरळ कापली आणि भिंतीपासून करंगळीच्या नखाएवढी मोकळी ठेवली. पुढचं तो सांगत होता, कापलेल्या कडेवर पातळ पट्टी बसवायची, म्हणजे कड झडणार नाही. मग सांध्यात फोमची दोरी दाबायची आणि वरून सीलंट, जे वाळल्यावरही रबरासारखं मऊ राहतं. "दोनों अपनी-अपनी तरह हिलेंगे, मैडम. बीच का माल नरम चाहिए, तभी टिकेगा." मला त्या दिवशी कुणाचा उपदेश ऐकायचा नव्हता. मी म्हटलं, "ठीक है, करो."

मग तो म्हणाला, "आप ज़रा अंदर जाकर देखिए, उधर से रोशनी कहाँ-कहाँ आती है." मी आत गेले. विचारल्याशिवाय जायचं नाही हा नियम माझाच, त्यामुळे खोली दिल्यापासून पहिल्यांदाच आत पाऊल टाकत होते. टेबल बाल्कनीजवळ, चार्जर तिकडे, उजेड तिकडे. आणि खुर्ची मात्र ह्या टोकाला, फटीला अगदी लागून. खुर्चीच्या पायाशी पुट्टीचा चुरा गोळा करून कागदात ठेवलेला.

मी त्या खुर्चीवर बसले. पलीकडे मिस्त्रीला घरून फोन आला. बायकोशी तो नेहमीच्या आवाजात बोलत होता. त्याच्या भाषेतले शब्द मला सगळे कळत नव्हते, पण ऐकू मात्र एकूण एक येत होते. तिचं औषध, बकरी, कुणाचं तरी लग्न.

मी आतूनच ओरडले, "आवाज़ पहले भी इतनी आती थी क्या?"

"पुट्टी तो ऊपर की पपड़ी थी, मैडम. पीछे दीवार ही टेढ़ी है. आवाज़ तो शुरू से आती होगी."

फटीतून आवाज फक्त माझ्याकडे येतो, असंच मी इतके महिने धरून चालले होते. आठवड्यातले दोन दिवस ती घरून काम करायची, आणि मी बाहेर चहाचा कप घेऊन ह्यांच्याशी बोलत बसायची. ओला हरभरा यंदा कुठे दिसला नाही, हे मी ह्यांनाच सांगितलं होतं. माळ्याचं, स्टुलाचं, तेही. "ऐकते मी, काय करू," हेही. शेंगोळे करून बघू का, हेही. तिला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून ती खुर्ची फटीजवळ ओढून आईशी बोलत राहिली होती. आणि जेवताना तिनं मला विचारलं, ते पकडायला नव्हे. मी खरं बोलले असते तर तिथेच गप्पा सुरू झाल्या असत्या. मी नगरची शेजारीण उभी केली.

मिस्त्री सीलंटची बंदूक घेऊन दारात आला. "भर दूँ?"

मला नाही म्हणावंसं वाटलं. पण मी मानेनं हो म्हटलं. दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून त्यानं वरपासून खालपर्यंत पांढरी रेघ ओढली, ओल्या बोटानं सारखी केली आणि पट्ट्या उपसल्या. जोड आता स्पष्ट दिसत होता. इकडे भिंत, तिकडे बोर्ड, मध्ये सरळ बारीक खाच. तो आजही तसाच आहे, एक तडा नाही.

महिनाअखेरीला मुलगी गुरुग्रामला गेलीच. ती खोली पुन्हा रिकामी आहे. माझ्या हिशेबाचं काही झालं नाही, ते सांगून टाकते. पण जोड भरला त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं.

ती ऑफिसातून आली, जोड बघून "छान झालं, काकू" म्हणाली आणि दार लावून घेतलं. मी चहा केला आणि नेहमीच्या खुर्चीत ह्यांच्याशी बोलायला बसले. तोंडातून शब्द फुटेना. आता पलीकडे काही जात नाही, हे माहीत झालं होतं. जवळजवळ तीन वर्षं मी ह्यांच्याशी बोलते असं मला वाटत होतं, आणि त्यातलं निदान एक वर्ष तरी कुणीतरी ऐकत होतं म्हणून ते बोलणं जमत होतं.

चहा गार झाला. मी उठले आणि तिच्या दारावर टकटक केली.

तिनं दार उघडलं. "काय काकू? काही हवंय?"

"नगरच्या शेजारीणबाई कुणी नव्हत्या गं," मी म्हटलं.

"माहितीये," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी खुर्चीवरची चादर उचलायला वळली.