मेंदीखालचे डाग

तिचे दोन्ही तळहात मी माझ्या हातात घेतले होते, भर दिवसा, खिडकीच्या उजेडात. मला काहीच दिसलं नाही. हात मनगटापर्यंत मेंदीने रंगलेले होते.

आषाढ होता, भाताची लावणी जोरात होती. पोलादपूर तालुक्यात मी तेव्हा समुपदेशक म्हणून नवीन लागले होते. गरोदर बायांच्या तपासणीच्या दिवशी टेबल मांडून बसायचं, एचआयव्ही आणि सिफिलिसची माहिती द्यायची, रक्त द्यायला पाठवायचं, हे माझं काम. ती कुडपणच्या बाजूच्या एका वरच्या वाडीतून सासूबरोबर एस.टी.ने उतरली होती. वाडीचं नाव मी लिहिणार नाही. वय बाविसाच्या आसपास, चौथा महिना, पहिलंच बाळंतपण. नवरा मुंबईला. शिमग्याला येऊन गेलेला.

आमच्याकडे लावणीत मेंदी औषध म्हणून लावतात. दिवसदिवस चिखलात उभं राहून पायाच्या बोटांच्या बेचक्या कुजतात, त्यांना चिखल्या म्हणतात. त्यावर मेंदीचा पाला वाटून रात्री लेप देतात. हातही त्याच चिखलात असतात, म्हणून हातांनाही. त्या महिन्यात दवाखान्यात येणाऱ्या बायांची रांग बघितली तर लग्नघर वाटावं.

सासू म्हणाली, हिला यंदा चिखल्या फारच झाल्यात, तळव्याला डाग डाग हायत, हातालाही उठलेत, मी रोज रात्री लावते. ती पोरगी म्हणाली, घसा दुखतो, बारीक ताप असतो, केस गळतात. नर्सने गोळ्या लिहिल्या, म्हणाली, केस काय, गरोदरपणात गळतातच. मी तिचे हात धरून म्हटलं, "रंग काय चढलाय गो! नवऱ्याची लाडकी दिसतेस." सासू, तिला मी मावशी म्हणायचे, हसली. पोरगी हसली नाही.

सिफिलिसच्या चाचणीची किटं त्या दिवशी संपलेली होती. मागच्या वेळीही संपलेली होती. मी वहीत लिहिलं, पुढच्या वेळी करणे. या तीन शब्दांचा मला आजही संताप येतो, आणि ते माझ्याच अक्षरात आहेत. किटं का नाहीत म्हणून मी वर भांडायला हवं होतं, तिला रक्तासाठी महाडला पाठवायला हवं होतं. भांडायला मी घाबरत नव्हते. मला घाई वाटली नाही, एवढंच. चाचणीचं काम माझं पत्रक करील असं मला वाटत होतं.

हे पत्रकाचं वेड घरातून आलं. माझे वडील महाडच्या कारखान्यांच्या गेटवर पत्रकं वाटायचे. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. मी 'कामगार बंधूंनो'वरून वाचायला शिकले. खरी गोष्ट एका कागदावर नीट मांडली की माणूस उठतोच, हे मी दुधाबरोबर प्यायले. म्हणून नोकरी लागल्यावर मी स्वतःच्या खर्चाने एक पत्रक काढलं. लाज सोडा, तपासून घ्या. खाली लक्षणं: गुप्तांगावर जखम, पू, जळजळ, अंगावर खाजणारं पुरळ. चार-पाच आजार मी एकाच यादीत कोंबले, कारण कागदाची एकच बाजू परवडत होती. आणि नुसतं 'पुरळ' मला अर्धवट वाटलं, म्हणून 'खाजणारं' मीच जोडलं. कुणाला विचारलंही नाही.

त्या दिवशी मी तिला तो कागद दिला. तिने तो घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास ती परत आली. पाय तसेच लाल, हात तसेच लाल, आणि सासूचं म्हणणं तेच, चिखल्या जात नाहीत. मी विचारलं, लावणी आटपून किती दिवस झाले? महिना होत आला होता. चिखल संपला आणि चिखल्या संपल्या नाहीत, हे मात्र मला खटकलं. किटं त्याही दिवशी नव्हती. मी तिला दुपारच्या गाडीने महाडला नेलं, एका वयस्कर त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे. त्यांनी उमेदीची वर्षं मुंबईच्या सरकारी रुग्णालयात काढली होती.

बाईंनी हातांकडे बघितलंच नाही. आधी मनगटापर्यंतची बाही वर सरकवली. मेंदी संपते तिथून वर, कोपरापर्यंत, मसुरीच्या डाळीएवढे डाग होते, जुन्या तांब्याच्या भांड्यासारखे काळपट लाल. मग त्यांनी तिला तोंड उघडायला लावलं. ओठाच्या आत राखाडी, ओलसर चट्टे, गोगलगाय चालून गेल्यावर राहतो तसा माग. मग अंबाडा सोडायला लावला. केस सगळीकडून पातळ झालेले नव्हते. कसर लागलेल्या लोकरीसारखे मधूनमधून गेलेले होते.

"खाज येते?"

"नाय."

"अजिबात?"

"नाय, बाई. खाज आली असती तर मी आधीच बोलले असते."

बाईंनी मला जवळ बोलावलं. तिचा तळहात माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "डोळे मीट आणि अंगठा फिरव."

मी फिरवला. मेंदीच्या एकसारख्या रंगाखाली बारीक, चपटे उंचवटे होते आणि प्रत्येकाच्या कडेला सुटलेल्या कातडीची पातळ कड. एक, दोन, पाच. आषाढात हेच हात मी धरले होते.

बाई सांगत होत्या, सिफिलिसच्या दुसऱ्या पायरीचं पुरळ असं असतं. तळहाताला आणि तळपायाला डाग दिसले आणि खाज नसेल, तर सगळ्यात आधी हाच विचार मनात आणायचा. पहिली जखम दुखत नाही, बाईच्या बाबतीत ती आत असते, कळतही नाही. पुरळ खाजत नाही, म्हणून कुणी येत नाही. काही आठवड्यांनी ते आपोआप मावळतं आणि माणसाला वाटतं, बरा झालो. रोग रक्तात तसाच राहतो. पोटात मूल असेल तर तिथेही पोहोचतो.

पोरगी ऐकत होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, मला वाटलेलं असंच काहीतरी हाय. मी तुमचा कागद तीनदा वाचला. खाज नव्हती, पू नव्हता. म्हटलं, आपलं ते नाय."

 

रक्ताचा निकाल तिथेच आला, आमच्या मनात होता तोच. दोन्ही कुल्ल्यांवर पेनिसिलिनची सुई दिली. सोनोग्राफीत बाळाचं पोट पाण्याने फुगलेलं होतं, पण ठोके चालू होते. सुईने बाळालाही उतार पडू शकतो, पण उशीर बराच झालाय, असं बाई म्हणाल्या. आठव्या दिवशी ठोके थांबले. सहावा महिना चालू होता. मूल बाहेर आलं तेव्हा मी वॉर्डाबाहेर उभी होते. मावशी भिंतीला टेकून खाली बसली होती. ती म्हणाली, हिच्या पोटातच दोष हाय, ठरायचं नाय. मला तोंडाशी आलेलं बोलता आलं नाही. रोग कुणाचा, कुठून आला, हे त्या पोरीला विचारल्याशिवाय सांगायचा मला अधिकार नव्हता.

गौरी-गणपतीला नवरा आला. त्याला दवाखान्यात बोलावलं. मी रात्रभर मनात भाषण जुळवलं होतं, वडिलांच्या पत्रकांतले सगळे शब्द त्यात होते. दारातच तिने मला अडवलं. "त्याला सुई द्या, ताई. बोलायचं ते माझं बोलून झालंय."

तो खुर्चीच्या कडेवर बसला. तो एका हॉटेलात भांडी घासायच्या कामावर होता. मी हात बघायला मागितले. हात स्वच्छ होते. डाग आले होते, म्हणाला, शिमग्याच्या आसपास. "सोड्यानं झालं असंल वाटलं. आपोआप गेले ना." त्याच्यावर ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडायला मला तोंड नव्हतं. त्याने सोड्याला धरलं, मावशीने चिखलाला, मी माझ्या यादीला.  सुई घेऊन तो मान खाली घालून निघून गेला.

दिवाळीनंतर ती फेरतपासणीला आली. रक्तातलं प्रमाण बरंच उतरलं होतं. हातांचा रंग पार गेला होता, तळवे कोरे होते, केसही उगवत होते. मी तिला समजावलं, ठरल्या वेळी रक्त तपासत राहायचं, नवऱ्याचंही. पुढचं मूल धडधाकट होऊ शकतं.

ती म्हणाली, "मुलगी होती ना ती? मला कुणी दाखवली नाय."

"हो."

"आषाढात सुई मिळाली असती तर?"

नक्की सांगता येत नाही, असं म्हणायला आम्हाला शिकवलेलं असतं. ते उत्तर माझ्याजवळ तयार होतं.

"बहुतेक जगली असती," मी म्हटलं.

 ती म्हणाली, "मग सासूला सांगा. ती अजून मलाच बोलते. सगळं सांगा, त्याचंही. माझी ना नाय."

मावशी बाहेर पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्यापुढे उकिडवी बसले आणि म्हटलं, तुमच्या सुनेच्या पोटात दोष नाही, कधीच नव्हता.

तिने माझ्याकडे निरखून बघितलं. "मंग चूक कुणाची, बाय?"

मी सांगायला लागले. सुरुवात माझ्यापासून केली.