चोवीस तास पाणी असलेलं कॉलेज

"हिला ओसीडी आहे," डॉक्टर म्हणाले. बीडच्या दवाखान्यात मी, बायको आणि नुकतीच बारावी झालेली आमची मनीषा बसलो होतो. ओसीडी म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. एक विचार डोक्यात अडकून बसतो आणि तो शांत करायला माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करत राहतो. मनीषा हात धुवायची.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. नेकनूरजवळच्या आमच्या गावात टँकर चार दिवसांनी यायचा आणि ही सकाळीच अर्धा ड्रम संपवायची. मी गावच्या सहकारी दूध संस्थेचा सचिव. तिथं कॅन धुवायला पाणी पुरत नव्हतं. माज आलाय का, असं मी तिला बोललो होतो. मोरीला कुलूपही लावलं होतं. आठवलं की आजही स्वतःचा राग येतो.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि ईआरपी नावाचा उपचार सुरू केला. म्हणजे हात घाण वाटला तरी न धुता थोडा वेळ कळ काढायची. "कुलूप लावू नका. थांबायचं तिनं शिकायचंय," त्यांनी मला बजावलं.

तेवढ्यात प्रवेशाचे दिवस आले आणि माझ्या डोक्याचा भुगा झाला. कुणी म्हणे बाहेर पाठवा, कुणी म्हणे लग्न उरका. संस्थेच्या चेअरमनांनी पुण्याकडच्या ओळखीच्या कॉलेजात होस्टेलसकट जागा बघून ठेवली. मी एकटाच बघायला गेलो. बाकीचे बाप निकाल विचारत होते, मी मोरीत जाऊन नळ सोडून बघत होतो. चोवीस तास पाणी होतं. मला भरून आलं.

घरी आलो तेव्हा मनीषा दुधाच्या रिकाम्या, न धुतलेल्या कॅनवर हात ठेवून बसली होती. तो डॉक्टरांनी दिलेला अभ्यास.

"मनू, तिथं लई पाणी हाय. कुणी टोकणार न्हाई."

"आबा, इथं ड्रम संपला की मी मोरीतून बाहेर तरी येते. तिथं कशी येऊ?"

"मग पाणी कमी हाय तिथं जायचं का?"

"पाण्याचं सोडा. सांजच्याला घरी येता यावं अन् डॉक्टर जवळ पायजेत. तुमी मला इचारलंच न्हाई."

मी चेअरमनांना नाही म्हणून सांगितलं. बीडच्या कॉलेजात नाव घातलं.

बरोबर केलं का, अजून कळत नाही. एखाद्या दिवशी ती मोरीतच अडकते आणि बस चुकते. तुमच्या घरी असं लेकरू असेल, तर कॉलेज बघायला त्याला सोबत न्या, एवढंच मला सांगता येईल.

परवा संध्याकाळी मी फाट्यावर शेंगदाणे खात उभा होतो. मनीषा बसमधून उतरली आणि बसचा दांडा धरलेल्या त्याच हातानं माझ्या पुडीतले चार दाणे उचलून तिनं तोंडात टाकले. मी अख्खी पुडी तिच्यापुढं धरली.