पब्लिक ट्रस्टचा झेड ड्राइव्ह

ज्ञानाला कुंपण नसते, असे आमच्या लातूरच्या क्लासच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेले होते. त्याच भिंतीवर काचांचे तुकडे रोवलेले होते, आणि आतल्या संगणकांची पेनड्राइव्हची भोके संचालकांनी लाखेने बुजवली होती. पेपर फुटू नये म्हणून.

त्यामुळे पेपरला एकच वाट होती. मुख्य संगणक मागच्या पत्र्याच्या खोलीत असे. भूकंपापासून संचालकांचा स्लॅबवर विश्वास उरला नव्हता. तिथला पेपर ऑफिसातल्या संगणकावर 'झेड ड्राइव्ह' या नावाने दिसे आणि ऑफिसातच छापला जाई.

त्या रविवारी अकराला सराव परीक्षा होती. ऑपरेटर बाई नेहमीप्रमाणे औशाहून आल्या, संगणक लावला, तर झेडवर लाल फुली. मी शेजारी भौतिकशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. संचालक आले आणि मला लाल पेन खाली ठेवावे लागले.

"काल शेवटी पेपर कोणी उघडला होता?"

"मीच, सर. तुम्हीच दुरुस्ती सांगितली होती."

"मग आज कुठं गेला? समोरच्या क्लासात ॲडमिशन घेतलं का त्यानं?"

बाईंनी पदराने की-बोर्ड पुसला. मग पुन्हा पुसला.

"अकरापर्यंत पेपर दिसला नाही, तर उद्यापासून औशातच राहा."

दहा वाजले होते. फाटकाशी पोरांची रांग लागली होती. आमच्या तारा ज्याने ओढल्या होत्या त्या नांदेडच्या मेकॅनिकला मी फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकला.

"केबलचा दिवा जळून राहिला का, सरजी?"

"जळतोय."

"मग केबल जिंदा हाय. काल कुणी नवीन काही टाकलं का?"

संचालक खिडकीबाहेर पाहू लागले. मग म्हणाले, "मागच्या खोलीत अँटीव्हायरस टाकला. मी स्वतः. सुरक्षेसाठी."

"मग पेपर गेला न्हाई. नजरकैदेत हाय. टाकताना त्यानं काही इचारलं असंल?"

"विचारलं ना. नेटवर्क होम का पब्लिक? मी पब्लिक दाबलं. आपला पब्लिक ट्रस्ट आहे!"

"सरजी, त्याच्या लेखी पब्लिक म्हंजी बसस्टँड. तिथं तो सगळ्यांना चोर समजून दार लावून घेतो. होम करा, खुलंल."

"होम कसं? रजिस्टर्ड संस्था आहे ही. उद्या कुणी तपासलं तर?"

साडेदहा झाले. खोलीची किल्ली संचालकांच्या खिशात होती आणि त्यांचा हात खिशावर. बाहेर पोरांचा गलका वाढला. तेव्हा बाई सकाळपासून पहिल्यांदा आपणहून बोलल्या.

"सर, ट्रस्टचा फॉर्म मीच टाइप केलाय. होमच दाबा."

संचालकांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले. मग किल्ली टेबलावर ठेवली. बाई मागे गेल्या. दोन मिनिटांनी माझ्यासमोरच्या पडद्यावरून लाल फुली गेली.

परीक्षा वीस मिनिटे उशिरा सुरू झाली. उशीर वीजमंडळामुळे झाल्याचे संचालकांनी माइकवरून जाहीर केले. दिवे आणि पंखे चालूच होते. बाई दुसऱ्या दिवशीही औशाहून आल्या.

तो फॉर्म मी पुढे कधीतरी पाहिला. सातही विश्वस्त एकाच रेशनकार्डावर होते.